बाराव्या प्रकरणातला ताप

बाराव्या प्रकरणात तिला ताप येतो. कधी ती घोड्यावरून पडते, कधी पावसात भिजते, पण अंथरूण धरते एवढं नक्की. मग ज्या उमरावाने तिच्याशी निव्वळ सोयीसाठी लग्न केलेलं असतं, तो तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसतो, आणि त्याला कळतं की आपला हिच्यावर जीव जडलाय. पुढची दहा प्रकरणं मात्र दोघंही तोंडातून अक्षर काढत नाहीत. आखातात, अबुधाबीकडच्या रुवैसला असताना मी अशा इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडला. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, बग्ग्या, मेजवान्या, नाचाचे दिवाणखाने. त्याला वारस हवा म्हणून लग्न, तिला डोक्यावर छप्पर हवं म्हणून लग्न.

छप्पर हवं म्हणून मीही लग्न केलं होतं, त्यामुळे मला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

ब्याण्णव साल होतं, मी चौतीस वर्षांची. पुण्यात भावाकडे राहायचे, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायचे. वहिनी वाईट नव्हती हो, पण मी तिच्या स्वयंपाकघरात कुठलाही डबा उघडला की ती मागोमाग येऊन झाकण घट्ट करून जायची. स्थळ आलं ते बिजवराचं. रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर, बायको वारलेली, सहा वर्षांची मुलगी. आले, बसले, चहाला हात न लावता सरळ मला म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. मुलीला घरात माणूस हवंय. ती बारावी होऊन बाहेर पडली की तुम्ही मोकळ्या. पुण्यात माझी दोन खोल्यांची जागा आहे, तिथे खुशाल राहा." खरं तर मला राग यायला हवा होता. नाही आला. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्याशी आडपडदा न ठेवता बोलत होतं. मी म्हटलं, "चालेल."

रुवैस म्हणजे रिफायनरी, समुद्र आणि कंपनीची कॉलनी. बाकी वाळू. मुलीच्या खोलीत माझा पलंग टाकला. ती मला मावशी म्हणायची, मी यांना अहो म्हणायचे, आणि हे मला तुम्ही म्हणायचे, अगदी मीठ मागतानासुद्धा. मी डबे भरले, वेण्या घातल्या, मराठीत रागावले, तिने इंग्रजीत उत्तरं दिली. "यल्ला मावशी, आय ॲम लेट!" ही आमच्या घरातली भूपाळी. यल्ला म्हणजे अरबीत चल, आटप.

कॉलनीत दर जूनमध्ये कोणी ना कोणी कायमचं निघायचं, आणि निघताना घरातलं सामान शेजाऱ्यांत वाटून टाकायचं अशी रीत होती. समोरची इंग्रज बाई निघाली तेव्हा कोणाला इस्त्री मिळाली, कोणाला झोपाळा. माझ्या वाट्याला या कादंबऱ्यांचं खोकं आलं. प्रत्येक मुखपृष्ठावर खांद्यावरून पोलकं घसरलेली बाई आणि तिला कवटाळणारा कोणीतरी मिशाळ. यांनी ते पाहिलं. संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसले आणि त्याच ओघात माझ्या कादंबऱ्यांनाही तपकिरी कागद चढवला. वर लेबल चिकटवून लिहिलं, विषय: इंग्लिश. आता या माणसाला काय म्हणावं?

मला ताप आला तो पाचव्या वर्षी, चांगला एकशे तीन. म्हटलं, आलं आपलं बारावं प्रकरण. हे खोलीच्या दारापर्यंत आले. "गोळी घेतलीत का?" मी मान हलवली. "डॉक्टरला फोन करू?" नको म्हटलं. दारातच दोन मिनिटं उभे राहिले, आणि शिफ्टची बस आली तसे गेले. उंबरा काही ओलांडला नाही. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, खलास. कशात काय अन् फाटक्यात पाय.

आता व्हिसाची गोष्ट. तिथे बायकोचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर असतो, दर तीन वर्षांनी नवा करायचा. आधी हॉस्पिटलात तपासणीसाठी रक्त द्यायचं, मग टायपिंगच्या दुकानात अरबी अर्ज भरून घ्यायचा. हे महिनाभर आधी आठवण करायचे, आणि दुकानातल्या केरळी टायपिस्टला दर वेळी एकच वाक्य सांगायचे, "बच्ची का वीजा, और बच्ची की आंटी का." कागदावर मी बायको होते, पण यांच्या तोंडून तो शब्द कधी आला नाही. मी तक्रार केली नाही. करारात नव्हतं ना ते.

मुलगी बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. माझा व्हिसा सप्टेंबरात संपत होता. जून गेला, जुलै गेला, हे रक्ताचं नाव काढेनात. आणि एक दिवस कार्गोची दोन मोठी खोकी घेऊन आले. एक तिचं, दुसरं कोणाचं हे कळायला काही ज्योतिषी लागत नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मी दुसरं खोकं भरायला घेतलं. साड्या, पोळपाट, तपकिरी कव्हरातल्या कादंबऱ्या. यांनी दोनदा येऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टीचं नवं बंडल आणून टेबलावर ठेवलं, वर कात्री. त्या कात्रीने माझं काळीज कापलं म्हणा ना. पुस्तकातली बाई गप्प बसली की मी तिच्यावर खेकसायचे, "अगं बाई, विचार की त्याला सरळ!" आणि स्वतः मात्र मिठाची गुळणी धरून बसले होते. मला जायचं नव्हतं. भांडायचं त्राणही नव्हतं. बारा वर्षं दुसऱ्याच्या घरात पाहुणीसारखं वागून माणूस इतकं थकतं की रडायलासुद्धा जोर लागतो.

हे मुलीला पोचवायला पुण्याला गेले. माझ्या व्हिसाला अजून महिना होता, म्हणून मी मागे राहिले. निघताना ती माझ्या गळ्यात पडली, सोडेचना. आठवडाभर मी त्या घरात एकटी. दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायचे. यांचा डबा करायचा नाही, तिचा करायचा नाही, तर स्वतःसाठी कुकर लावावासा वाटेना.

आठव्या दिवशी दुपारी हे परत आले. दारात बूट काढता काढता थांबले.

"हे खोकं पाठवायचं राहिलं की."

"ते माझ्यासाठी आणलेलं."

"तुमच्यासाठी? मी दोन्ही तिच्या पुस्तकांसाठी आणली होती."

हे एक बूट पायात, एक हातात, तसेच स्टुलावर बसले. "तुम्ही साड्या भरायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला जायचंय. मी शब्द दिला होता ना. व्हिसाचं बोललो असतो तर थांबा म्हणून गळ घातल्यासारखं झालं असतं."

"आणि ती चिकटपट्टी?"

"तुमची संपत आली होती."

इथे उमराव दोन पानं बोलतो, गुडघ्यावर बसतो. हे हातातल्या बुटाकडे बघत म्हणाले, "उद्या रक्ताच्या तपासणीला जाऊ या का? तुमची इच्छा असेल तर."

मला हसू आलं, आणि त्यातच रडू. "किती वाजता?" मी विचारलं.

"साडेसात. उपाशीपोटी चला."

"उपाशी लागत नाही त्याला. चार वेळा दिलंय मी."

रिपोर्ट आल्यावर टायपिंगच्या दुकानात गेलो. टायपिस्ट तोच, आता केस पिकलेला. फक्त माझाच पासपोर्ट पाहून त्याने विचारलं, "साब, बच्ची का किधर है?"

"बच्ची गई, पढ़ने."

"तो आंटी का किसलिए?"

त्या बिचाऱ्याने सहज विचारलं. बारा वर्षं त्याला तेच तर सांगितलं होतं. मी खाली मान घालून उभी.

"आंटी नहीं," हे म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. "मेरी बीवी है. बीवी का वीजा."

भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर मी टेकले.

"बरं वाटत नाहीये का?" यांनी विचारलं, आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.