गच्चीवरची सूचना

माझी पत्नी मंगळवारी सकाळी वारली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी पेज करत होतो.

भेटायला येणारे आता विचारतात, "पनवेलात एकटे राहता, बरं वाटतं का?" असले प्रश्न विचारायचं काम एकेकाळी तिचं होतं. ती शाळेत शिक्षिका. एका उन्हाळ्यात तिला सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. पाणी, रस्ते, दवाखाने, एकूण इथल्या जगण्याबद्दल लोकांचं मत घरोघर जाऊन लिहायचं. मी ग्रंथालयातून रजा काढून तिच्याबरोबर हिंडलो.

कामोठ्याच्या इमारतींत माणसं दारातूनच भराभर तक्रारी सांगत. शेजारच्या जुन्या गावात मात्र कुणी तक्रार करेना. आलेल्या बाईला आधी पाणी, मग चहा. घरातलं उणं पाहुण्यापुढे काढायचं नाही. जो तो म्हणे, "बरं हाय."

एका म्हातारीने ओट्यावरून माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कोन? मालक तुझा?"

"हो. पिशवी धरायला आणलंय त्यांना."

"बरा हाय. बोलत नाय." मग हिला म्हणाली, "तू सगल्यांना इचारतेस. तुला बरं हाय का तुझ्या घरी?"

हिने पेन खाली ठेवलं. ही उरणजवळच्या करंजाची, कोळ्यांच्या घरातली. पण लग्नानंतर वीस वर्षं माझ्यासारखी पुस्तकी मराठीच बोलत आली होती. त्या ओट्यावर ती माहेरच्या बोलीत म्हणाली, "घर चांगला हाय, मावशे. पन गच्चीवर सुकट घालाला नाय देत."

"कोन नाय देत?"

ती नुसती हसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

'गच्चीवर मासळी वाळवण्यास मनाई आहे.' सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून ती सूचना मीच लिहिली होती. शुद्धलेखन तिच्याकडूनच तपासून घेतलं होतं.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही शुद्धलेखन विचारलंत. मत कुठे विचारलंत?"

त्या संध्याकाळी मी ती सूचना काढून टाकली. पुढच्या बैठकीत चार जण भांडले आणि माझं सेक्रेटरीपद गेलं. हिने मात्र गच्चीवर जुन्या साड्या अंथरून सुकट घातली. कावळे हाकायला मी पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटता उलटता डोळा लागायचा, आणि जिन्यातून तिचा आवाज यायचा, "अहो, वाचताय की राखताय?" खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून वर यायच्या आणि जाताना मूठभर मागून न्यायच्या.

असे सहा उन्हाळे मिळाले. त्याआधीची वीस वर्षं मी तिला सुखी धरून चाललो होतो.

तिने शेवटची घातलेली सुकट बरणीत अर्धी उरली आहे. मला ती निवडता येते. तिच्यासारखी करता येत नाही.