डायरेक्ट केलेला स्विच

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची परदेशी ऑटोमॅटिक गाडी आमच्या गॅरेजात यायची. एका सकाळी ती सुरूच होईना. अशा गाडीच्या गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. गाडी गिअरमध्ये असली तर तो स्टार्टर फिरू देत नाही. तोच जागेवरून सरकला होता.

"बोल्ट ढिले करून बसवून देतो, तासाभराचं काम आहे," मी मालकाला म्हणालो.

"डॉक्टर खोळंबून राहिले. दोन्ही वायरी जोड अन् डायरेक्ट करून टाक."

"मग गिअरमध्येबी सुरू होईन ना गाडी."

"डायवर वीस सालापासून गाडी चालवून राहिला. त्याले नाही समजत काय?"

मी वायरी जोडल्या. भिवापूरकडचा तो वयस्क ड्रायव्हर मागाहून गाडी न्यायला आला. त्याला सांगायला हवं होतं. मालकासमोर माझी जीभ रेटली नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः गाडी आणून बंगल्यात लावली आणि गिअरचा दांडा रिव्हर्समध्येच ठेवून, इंजिन बंद करून उतरले. ड्रायव्हरने दार उघडलं, बाहेर उभ्यानंच वाकून चावी फिरवली. गाडी झटक्याने मागे गेली, उघड्या दाराने त्याला खाली पाडलं आणि पुढचं चाक त्याच्या पायावरून गेलं.

त्याच दुपारी मालकाने गाडी ओढून आणवली. मी वायरी सोडवल्या, दांडा न्यूट्रलला घेतला, स्विच फिरवून खूण जुळवली, बोल्ट आवळले. प्रत्येक गिअरमध्ये चावी फिरवून पाहिली. पाऊण तासही लागला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. मालकाने त्यांना गाडी दाखवली. "स्विच ठणठणीत आहे, साहेब. डायवरनंच काहीतरी गडबड केली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

"हो," मी म्हणालो.

ड्रायव्हरची नोकरी गेली. महिन्याभराने मी नंदनवनला त्याच्या घरी गेलो. पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. त्याची बायको म्हणाली, "इतक्या सालात गाडीले एक ओरखडा नाही येऊ देल्ला यायनं."

तो म्हणाला, "गाडी तूच पाह्यली होती न गा? तिच्यात काही बिघाड होता काय?"

"नाही."

"मंग माहीच चूक," तो म्हणाला, आणि बायकोला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.