उंच बॉल सलीमचा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सलीमला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? खरं म्हणजे ठाऊक नाही. तुम्ही आमच्या वसाहतीतले नाही, म्हणून धीर होत असेल.

आधी आमच्या टीमबद्दल सांगतो, म्हणजे जरा हसत हसत पुढे जाता येईल. नव्वदनंतरची ती वर्षं. चंद्रपूरजवळची कोळसा खाणीची वसाहत आणि तिच्या मागचं मैदान. गवत नावापुरतं, बाकी सगळी काळी भुकटी. खेळून आलो की आई दारातच बादली ठेवायची, आत पाऊल टाकू द्यायची नाही. बाप खाणीतून येतो तो पोरापेक्षा स्वच्छ, असं शेजारणींना सांगायची. मी टीमचा कप्तान, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. माझ्या बाजूला सलीम. त्याच्या अब्बांचं फाटकाशी टेलरिंगचं दुकान, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या चड्ड्या सलीमच शिवायचा. सगळ्यांच्या मापात, मडावीभाऊंची मात्र हमखास सैल.

मडावीभाऊ म्हणजे आमचे कोच. गडचिरोलीकडचे, दिवसा खाणीत ड्युटी करायची आणि संध्याकाळी आम्हाला पळवायचं. त्यांचा एक नियम होता. उंच आलेल्या बॉलवर दोघं धावले तर दोघंही आपटतात, म्हणून कप्तान ज्याचं नाव ओरडेल त्यानंच जायचं. "कप्तान बोलला, मंग इचारायचं नाई," असं ते म्हणत. नियम चांगला होता. कप्तान चांगला नव्हता.

बॉल वर गेला की मी ओरडायचो — सलीम! तो धावायचा, उडी मारायचा, ठप्पकन डोकं लावायचा. पुन्हा बॉल, पुन्हा सलीम. प्रॅक्टिसला तेच, सामन्यात तेच, पावसात चामड्याचा बॉल पाणी पिऊन विटेसारखा जड झाला तरी तेच. लोक म्हणायचे, काय जमतं या दोघांचं! एका गावच्या सरपंचांनी तर हार घालताना माझ्या डोक्याची तारीफ केली — माझ्या! बॉलवरची भुकटी सलीमच्या कपाळावर काळा गोल उठवायची, माझं कपाळ कोरं करकरीत. एकानं जरी नीट पाहिलं असतं तर मी तिथंच पकडला गेलो असतो. पण कप्तानाच्या कपाळाकडे कोण बघतं?

येतोय, मुद्द्यावर येतोय.

मला उंच बॉलची भीती वाटायची. झालं, सांगितलं. शाळेत असताना मी जोरात आलेला एक बॉल डोक्यावर घेतला होता. डोक्यात गुणगुण सुरू झाली, रोजच्या रस्त्यावर घर सापडेना, रात्रीचं जेवण उलटून पडलं. सकाळी ठणठणीत झालो, पण तेव्हापासून बॉल वर गेला की माझे पाय जमिनीला चिकटायचे. आता एवढंच असतं तर भित्रा म्हणून तुम्ही हसला असता आणि मीही हसलो असतो. पण एवढंच आहे का?

पुढे सलीमचं डोकं दुखू लागलं. सामना झाल्यावर टपरीवर चहा प्यायचा आणि कप ठेवून पुन्हा विचारायचा, चहा आला नाही का अजून? आपण जिंकलो की हरलो, तेही विचारायचा. आम्ही पोट धरून हसायचो, त्याला ट्यूबलाइट म्हणायचो. तोही हसायचा. मग एका उन्हाळ्यात त्यानं मला बाजूला घेतलं.

"काऊन बे, हेड मारला का माह्या डोक्यात भुंगा फिरून राह्यला. भाऊले सांगू का?"

मला त्याच क्षणी कळलं. तो भुंगा माझ्या ओळखीचा होता — त्याच्याच भीतीनं तर मी सलीमला पुढे करत होतो. आणि मी काय म्हणालो असेन?

"ऊन लागलं तुले. कांदा ठेवत जा खिशात."

चंद्रपूरच्या उन्हात हे कोणालाही पटतं. सलीम पडला टेलर. त्यानं चड्डीला आतून कांद्याच्या मापाचा खिसा शिवला आणि कांदा घेऊन खेळू लागला. एका सामन्यात तो कांद्यावरच आपटला, आणि समोरचा फॉरवर्ड डोळे पुसत पुसत मैदानाबाहेर गेला. ही गोष्ट मी आजही लग्नकार्यात सांगतो, हसून हसून मंडळींची पुरेवाट होते. गोष्ट आहेच मजेची. फक्त तो कांदा तिथं का होता, हे मी सांगत नाही. भाऊंना कळलं असतं तर त्यांनी सलीमला बाहेर बसवलं असतं, आणि उंच बॉल माझ्याकडे आला असता.

खेळ सुटला. मी मास्तर झालो, सलीम अब्बांच्या दुकानात बसला. चाळिशी यायच्या आत असं होऊ लागलं की तो गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा आणि टेप खाली ठेवेपर्यंत विसरायचा. मग त्याची बायको, शबानाभाभी, शेजारी उभी राहून माप मोठ्यानं म्हणत राहायची आणि तो कापायचा. डोकं फारच दुखलं की शटर अर्धं खाली. शेवटी मीच दोघांना नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. हो, मीच.

डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला कधी मोठा मार लागला होता? नाही. गाडीवरून पडलात? नाही. भाभी म्हणाली, फुटबॉल खेळायचे. त्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, एकेक धक्का लहानच असतो, माणूस डोकं झटकून पुन्हा खेळायला लागतो; पण असे धक्के वर्षानुवर्षं बसत राहिले तर काहींच्या मेंदूला ते भोवतात. त्यामुळेच झालं, असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. मग त्यांनी सलीमला विचारलं, एवढे हेड तुम्हीच का मारायचात?

सलीमचा चेहरा खुलला. खुर्चीत ताठ बसला, माझ्या खांद्यावर हात टाकला.

"हा आमचा कप्तान. याले माह्यावरच भरोसा होता, दुसऱ्या कोणावर नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भाभीनंही पाहिलं. मी मान हलवली — होय म्हणून.