भिवराबाईचं घर शाळेपासून किती मीटर

भिवराबाईचा मला लय राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. पेडगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकानात गर्दी झाली की ही बाई नेमकी तेव्हाच यायची, दारात फतकल मारून बसायची आणि चहा पोटात गेल्याबिगर कामाचं बोलायची नाही. साठीची मेंढपाळ बाई, काटक. लेक येडबा आन सून मेंढरामागं, म्हणून नात दीपिका कायम हिच्या पदराला.

"आमच्यात कुणी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, राजेश्री," ती म्हणली. "हिला त्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत घालायचीय. फुकटातली जागा असती म्हणं."

असते की. पण त्यासाठी नकाशावर आपल्या घरावर एक लाल फुगा ठेवावा लागतो. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली लेकरं आधी, बाकीची मागून.

"मावशी, घर कुठंय?"

"कोणतं?"

"अवो, किती घरं हायत तुमाला?"

"सध्या रंगनाथच्या रानात मेंढरांचा वाडा हाय, तितंच आमचं बिऱ्हाड. त्याच्या आधी पूर्णेकडं होतो. दिवाळीला कुठं होतो बरं..."

मी कपाळावर हात मारला. रंगनाथनं खतासाठी रानात मेंढरं बसवली होती, आणि त्याचं रान शाळेच्या मागंच. तिथं फुगा ठेवला. सहाशे मीटर.

मग माझ्या लेकीचा, भक्तीचा फॉर्म भरला. एक किलोमीटर चाळीस मीटर. चाळीस मीटर! फुगा अंगणात ठेवला, न्हाणीवर ठेवला, गोठ्यावर ठेवला. एक किलोमीटरच्या आत काही येईना. चौदा वर्षं एका जागी राहून मी लांबची, आणि जिचं घर घोड्यावर लादून हिंडतं ती जवळची! आग लागो त्या नकाशाला.

सोडतीत दीपिकाचा नंबर लागला. भक्ती प्रतीक्षा यादीत पहिली.

पुढं रानातला पाला संपला आणि येडबा मेंढरं घेऊन देवगाव फाट्याकडं गेला. भिवराबाई मात्र गेली नाही. रंगनाथच्या हातापाया पडून तिनं बांधावरची झोपडी तशीच ठेवून घेतली. "शाळा हाय तवर इथंच," म्हणली. चाळीस वर्षांत ही बाई मेंढरांपासून दूर झोपली नव्हती. आता रोज सकाळी दीपिकाचा हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि माघारी यायची. कशाला, तर पोरीला सवय व्हावी म्हणून. पडताळणी बाकी, प्रवेशाचा पत्ता नाही अजून, आणि हिची सवय! ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मार्चात पत्त्याच्या पडताळणीचे साहेब आले. शेजारी म्हणून भिवराबाईनं माझंच नाव दिलेलं. ऊन रणरणतं, रानात जायचा साहेबाला कंटाळा. माझ्या दुकानात पंख्याखाली बसूनच त्यानं विचारलं, "ते मेंढपाळाचं कुटुंब इथंच राहतं का?"

"त्यांचा वाडा देवगाव फाट्याकडं गेला, साहेब," मी म्हणलं. "महिना झाला."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबानं लिहून घेतलं, पाणी पिलं आणि गाडीला किक मारली. झोपडी माझ्या दारातून दिसत होती. मी दाखवली नाही.

आठ दिवसांनी भक्तीच्या गणवेशाचं माप देऊन मी दुकानात आले, तर भिवराबाई दारात बसलेली. दीपिका मांडीवर झोपलेली. चहा विचारला तर नको म्हणली.

"नाव कटलं गं. आमी निघून गेलो म्हणून कुणीतरी सांगितलंय."

मला माझीच अशी लाज वाटली की खुर्चीवर बसवेना.

"एवढा साहेब तुझ्या दारावरून गेला," ती डोळे पुसत म्हणली. "त्याला तुला एकदा इचारायला काय झालतं गं?"

"व्हय ना, मावशी," मी म्हणलं.