माझं डोकं कुणी आवरलं?

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हते. मामीला आवडणार नाही म्हणून. पण काल कॉलेजात एकजण सहज बोलून गेला, "डोक्याला मार बसला की माणूस संपला," आणि माझं टाळकंच सटकलं. म्हणून एका दमात लिहितेय, चुका असतील तर असू देत.

माझी मामी शर्ट शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, खिडकीखाली कापायचं टेबल. जिन्यावरून पडली, कपाळ आपटलं, आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा बोलणं तसंच, टोमणे तर आधीपेक्षा धारदार. सगळ्यांनी हुश्श केलं. मग ती मशीनवर बसली आणि कॉलर हातात धरून नुसती बसूनच राहिली. कॉलर शिवता येत होती, झकास! पण तिच्याआधी काय नि नंतर काय, ते काही केल्या जुळेना.

मामा म्हणाला, "मनच नाही लागत हिचं."

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. हाताला बसलेली सवय मेंदू एकीकडे ठेवतो, आणि 'आधी हे, मग ते' ही मुकादमी कपाळामागचा भाग करतो. मामीचे कामगार धडधाकट आहेत, मुकादम जखमी झालाय.

"मग मुकादम बाहेरून आणू," मामी म्हणाली.

तिने खोलीत आडवी दोरी बांधली. शर्टाचे तुकडे चिमट्यांनी ओळीने लटकवले, खिसा, खांदे, कॉलर, बाह्या, कफ. एक शिवून झाला की चिमटा खाली टाकायचा. उरलेल्यातला पहिला, तेच आताचं काम. खुर्चीवर कात्री म्हणजे कापायचं राहिलंय. जमिनीवर बटणं म्हणजे काजं झालीत. बघणाऱ्याला उकिरडाच वाटेल. पण शर्ट व्हायला लागले! हळू, पण अगदी नीट.

तरी मामाचा जीव टांगणीला. शेजारचा मोबाइलवाला ती खोली भाड्याने मागत होता. एका हॉटेलचा मॅनेजर वेटरांच्या शर्टांचं काम द्यायचं का ते बघायला येणार होता. मामा म्हणाला, "त्याने काम दिलं तर मशीन राहील. नाहीतर खोली देऊन टाकू." मामी नुसतं "बघू" म्हणाली.

त्या दिवशी मी मामीला तपासणीला घेऊन गेले. परत आलो तर खोली चकाचक. दोरी गुंडाळलेली, तुकडे घड्या घालून फळीवर, बटणं बरणीत. मामा दारात घामाघूम आणि खूश. "म्हटलं, साहेब येतायत, जरा नीट दिसू दे."

मामी फळीसमोर थिजली. मग म्हणाली, "माझं डोकं कुणी आवरलं?"

मामाचा चेहरा उतरला. आणि नेमका तेव्हाच मॅनेजर हजर. "तिला जरा बरं नाही हो," मामा सारवासारव करायला लागला. मामीने फळीवरचा गठ्ठा ओढून सरळ जमिनीवर पाडला. मी उचलायला धावले.

"तू हात लावू नकोस गं. तू लावलंस तर ते तुझं डोकं होईल."

दोरी बांधली. कॉलर लटकवली, काढली, खिसा लटकवला, त्याच्यापुढे पुन्हा कॉलर, मग खांद्यांसाठी जागा केली. पुटपुटत होती, मध्येच एक शिवी. मॅनेजर घड्याळ बघत होता.

"बाई, हे रोज असंच?"

"असंच. तुमची दोरी कवटीच्या आत आहे म्हणून दिसत नाही, माझी बाहेर आहे. शर्ट बघायचा असेल तर बसा. पसारा बघायचा असेल तर झालाय बघून."

तो नाही बसला. काम गेलं. मी रडले, रागानेच. मामी मशीनवर बसून खिसा शिवत होती. मामा तिच्याकडे बघत दारात उभा, हलेचना. तेवढ्यात मोबाइलवाल्याने डोकावलं, "काय काका, मग कधी रिकामी करताय?"

"रिकामी कसली?" मामा खेकसला. "बायको काम करतेय आत, दिसत नाही?"

तर मामी पहिल्यासारखी नाहीये, आणि त्याबद्दल ती कुणाची माफी मागत नाही. शर्ट शिवायचा असेल तर तिच्याकडे जा. घाईचा असेल तर नका जाऊ. आणि तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्याकडे "आता त्याच्याशी काय बोलणार" म्हणून तुम्ही जायचं टाळताय, तर याच आठवड्यात जा. तो अडखळेल, चुकेल, पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. करू दे. तुम्ही बसा.