बिस्किटला सोबत

भिवंडीजवळ राहनाळला धोंडूबाईंच्या घराला तिन्ही बाजूंनी गोदामं आहेत. नवरा होता तोवर तिथे भाताची खाचरं होती. तो गेल्यावर मुलाने, प्रितमने, जमीन गोदामांना दिली, उरलेल्या तुकड्यावर दुमजली बंगला बांधला आणि वर्षाच्या आत मुलीच्या शाळेसाठी ठाण्याला भाड्याने राहायला गेला. त्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. म्हणून रुचिकाचा बिस्किट, तांबूस लॅब्रॅडॉर, आजीकडे राहिला. "तुला सोबत होईल गं आजी," जाताना रुचिका म्हणाली.

बिस्किट फाटकाशी हनुवटी जमिनीला टेकून पडायचा. भाताची थाळी तशीच सुकायची. धोंडूबाई न्हाणीत गेल्या तरी तो दाराबाहेर रडायचा आणि उरलेल्या वेळात उजवा पंजा चाटत बसायचा. चाटून चाटून त्याने तो सोलून काढला. हळद लावली तर हळदही चाटली. शेवटी त्याला रिक्षात घालून त्या भिवंडीत जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर करिष्मा म्हणून एक तरुण मुलगी होती.

"आजी, पंजाला आजार नाही. एकटं पडलं की कुत्री असं करतात."

"एकटा कसा? मी हाय ना घरात."

"तुम्ही आहात हो. पण कुत्र्याला कुत्रंही लागतं."

धोंडूबाईंना ते लागलं. दिवसभर याच्यामागे राबायचं आणि आपण गणतीतच नाही! परतताना त्या रिक्षात त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

समोरच्या गोदामाच्या फाटकावर पंढरी नावाचा वॉचमन होता आणि त्याच्या खुर्चीखाली काळी नावाची मागच्या पायाने लंगडणारी कुत्री. एके सकाळी काळी थेट अंगणात आली. बिस्किट उठला, पुढचे पाय जमिनीला टेकले, मागचा भाग वर केला आणि भुंकला. आता हा तिला फाडतो, म्हणून धोंडूबाईंनी काठी उचलली.

"मारू नका आक्का!" पंढरी पलीकडून ओरडला. "खेळायला बोलावतोय तो तिला."

काठी हातातच राहिली. काळी सरळ त्याच्या अंगावर आली नाही. वळसा घेऊन बाजूने आली, मान दुसरीकडे वळवून उभी राहिली. त्याने तिला हुंगलं, तिने त्याला. मग दोघंही धावत सुटली, आणि बिस्किट तिच्या लंगड्या पायाच्या बेताने धावत होता.

"राहू द्या तिला," पंढरी म्हणाला. "कान कापलेला आहे बघा, म्हणजे ऑपरेशन झालेलं आहे. पिल्लांचा व्याप नाही."

काळी राहिली. बिस्किट जेवू लागला, पंजावर केस आले. दुपारी दोघं पाठीला पाठ लावून झोपायची. ती उठली की तो उठायचा. न्हाणीबाहेर रडणारं आता कुणी नव्हतं. धोंडूबाई दार उघडून बाहेर यायच्या, मोकळ्या ओट्याकडे बघायच्या आणि ओले पाय पुसायच्या. मग ओट्यावर बसून त्या दोघांना न्याहाळत राहायच्या. काळी जांभई देई ती झोपेने नव्हे, ट्रकचा हॉर्न वाजला की भीतीने, हे त्यांना कळू लागलं. सांगावं असं खूप साठलं होतं. पण पंढरीची बदली वडप्याच्या गोदामावर झाली आणि नवा वॉचमन मान वर करत नव्हता.

दिवाळीनंतर प्रितम रुचिकाला घेऊन आला. त्याने आता स्वतःचं घर घेतलं होतं, तळमजल्याचं, पुढे थोडी जागा असलेलं.

"बिस्किटला न्यायला आलोय, आये."

"आन काळी?"

"रस्त्यावरची आहे ती. जाईल परत गोदामात."

"न्हाय." धोंडूबाई दारात उभ्या राहिल्या. "नेशील तर दोगांना ने. न्हायतर दोगांना हितंच ठेव. एकलं पडलं का काय होतं त्याचं, ते मी बघितलंय. तू न्हाय बघितलं."

प्रितम चिडला, बायकोला फोन केला, अंगणात फेऱ्या मारल्या. रुचिका काळीच्या गळ्यात हात टाकून बसली होती. अखेर तो म्हणाला, "बरं. बसवा दोघांना."

काळी गाडीत चढेना. बिस्किट आधी चढला, मग ती चढली. रुचिकाने काच खाली करून विचारलं, "आजी, तुला करमेल ना?"

"मना काय होतं? जा तू."

प्रितमने गाडी चालू केली. चल म्हणाला असता तर आपण काय उत्तर दिलं असतं, हे धोंडूबाईंनी ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगण झाडलं, दोन पोळ्या केल्या, दुपारी अंग टाकलं. झोप लागली नाही. संध्याकाळी काड्यापेटी आणायला दुकानात गेल्या. घरात दोन होत्या. दुकानदाराने काय हवं विचारलं, तर तोंडातून आवाजच फुटेना. घसा खाकरावा लागला. सकाळपासून त्या कुणाशी बोललेल्याच नव्हत्या.

"बरं नाही का, मावशी?"

"बरी हाय," धोंडूबाई म्हणाल्या, आणि काड्यापेटी घेऊनही थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.