काका, फ्रेममधून बाजूला व्हा

आमच्या ग्रुपचा धर्म एकच: फ्रेम साफ हवी. वाफेच्या इंजिनाच्या फोटोत माणूस नको, कुणाची बॅग नको, पाण्याची बाटली नको. कोपर, मानपाडा, घोडबंदर रोड असे कुठून कुठून आम्ही अकरा जण जमतो आणि इंजिनापुढे कुणी आलं की अंगावर धावून जातो. त्यात मी सगळ्यात तापट. गळ्यात कॅमेरा अडकवला की तुम्ही माणसांत नसता, असं बायको म्हणते.

गेल्या हिवाळ्यात कर्जतच्या बाजूला एका छोट्या डोंगरी रेल्वेचं जपून ठेवलेलं इंजिन वाफेवर चालवणार होते. असा योग क्वचितच येतो. सकाळी पोचलो, तर एक जोडपं इंजिनाला रेलून लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मुलीचा लांबलचक झगा तेलात लोळतोय आणि मुलगा शिट्टी वाजवायला मागतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, खेळणं आहे का हे?" मी ओरडलो. ते गेले, तर रील बनवणारी पोरं आली. त्यांनाही हाकललं.

शेवटी उरला एक म्हातारा फिटर. निळे कपडे, हातात कॉटन वेस्टच्या सुताचा बोळा. पितळी पट्टा पुसायचा, मागे सरून वाकून बघायचा, पुन्हा पुसायचा. ऊन नेमकं धुराड्यावर आलेलं, पांढरीशुभ्र वाफ सुटलेली, आणि हा बाबा मधोमध.

"काका, फ्रेममधून बाजूला व्हा की!"

"हो साहेब, एवढंच राहिलंय."

"ऊन थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

तो लगबगीनं पलीकडे गेला. नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला घालवला.

दुपारी इंजिन शेडमध्ये गेलं, दाराला कुलूप लागलं. आम्ही निघालो तेव्हा ते काका माझ्याकडे आले. कल्याणला राहतात म्हणाले.

"साहेब, एवढे फोटो काढलेत, त्यात मी असेन ना कुठेतरी? एक पाठवा. या महिन्यात रिटायर होतोय. इंजिनासोबतचा माझा एकपण फोटो नाही. नातीला दाखवायचाय."

"एक काय, दहा पाठवतो," मी म्हटलं आणि नंबर घेतला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरी येऊन चारशेवर फोटो चाळले. काका एकातही नाहीत. एका कोपऱ्यात निळी बाही आणि तो बोळा, बस. ग्रुपवर विचारलं. कुणाकडेच नाही. मग एकानं फोटो टाकला: "यात होते रे ते काका. ॲपनं उडवले. बघ, कळतंय का?" खाली नऊ अंगठे.

"मूळ फोटो कुठाय?"

"डिलीट केला. मेमरी फुल होते ना."

मी संतापलो. लाज वाटत नाही का, ज्यानं इंजिन चमकवलं त्यालाच पुसून टाकता, वरून अंगठे दाखवता, असं बरंच लिहिलं. उत्तर एका ओळीत आलं: "सकाळी त्यांना हाकलत कोण होतं?"

त्या रीलवाल्या पोरांवर डाफरलो होतो, पण त्यांच्या मोबाईलमध्ये निदान माणसं तरी होती. स्वतःचा इतका राग मला आजवर आला नव्हता.

दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी त्यातल्या त्यात चांगला फोटो काकांना पाठवला. खाली लिहिलं, "माफ करा काका, तुम्ही यात नाही. चूक माझी आहे."

त्यांचं उत्तर आलं.

"असू दे साहेब. पितळ मस्त चमकलंय. पहाटे चारपासून घासत होतो."